मेडिकलच्या काउंटरवरून: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की मेडिकलमधून औषध घेताना काय अडचण येते ते कळवा, तर सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत सगळीकडून पत्रं आणि मेसेज आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांनी घरातल्यांची दुखणी अगदी मोकळेपणानं लिहिलीत. मी स्वतः फार्मासिस्ट आहे, सांगलीतच काउंटरमागं उभी असते, त्यामुळं दुकानाच्या आत काय चालतं ते माहितीय. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी मात्र ही उत्तरं धरू नका.

प्रश्न, विश्रामबागहून: माझे मिस्टर कित्येक वर्षं बीपीची एकच गोळी घेतात. आता आमचा नेहमीचा मेडिकलवाला नवीन चिठ्ठी आणा म्हणतोय. नुसत्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांची फी भरायची का? पुढच्या गल्लीतला दुसरा काही न विचारता देतो.

ताई, फी टोचते हे मान्य. पण तुमचा नेहमीचा मेडिकलवाला बरोबर वागतोय. औषधांचा कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे, त्यात शेड्यूल एच म्हणून एक यादी आहे, त्यातल्या औषधांच्या पाकिटावर आरएक्सची खूण असते आणि ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याच नियमात पुढं असंही आहे की डॉक्टरांनी परत परत द्या असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. म्हणजे वर्षानुवर्षं लॅमिनेशन करून ठेवलेली चिठ्ठी चालत नाही, आणि अशा चिठ्ठ्या माझ्याकडं रोज येतात.

यात कागदाचा हट्ट नाहीये ओ. मिस्टरांचं वय वाढलं, वजन बदललं असेल, किडनी पूर्वीसारखी राहिली असेल का नसेल, बीपीच्या काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हे सगळं कुणीतरी मधूनमधून बघायला पाहिजे की नको? तुम्ही एक करा, पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना सांगा चिठ्ठीवर 'तीन महिने चालू' किंवा 'सहा महिने चालू' असं तारखेसकट लिहून द्या. बहुतेक डॉक्टर लगेच लिहितात, आपणच मागत नाही. मग दर महिन्याला वाद नको आणि फीही नको.

काही औषधांना तर नाव-गाव पण विचारतात, त्याचाही लोकांना राग येतो. ती शेड्यूल एच१ ची औषधं, १ मार्च २०१४ पासून हा नियम लागू झाला. काही जोरकस अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या यात येतात, पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि किती दिलं हे रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. पुढच्या गल्लीतला काही न विचारता देतो म्हणता, तो आज तुम्हाला सोयीचा वाटतो, पण उद्या तोच कॉलेजातल्या पोरांना झोपेच्या गोळ्या पण काही न विचारता देणार, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न, तासगावहून: वडिलांना इन्सुलिन चालू आहे. बाटली मिळाली नाही म्हणून पेनातलं इन्सुलिन आणलं आणि घरात होती त्या सुईनं काढून दिलं तर चालेल का? शिवाय उन्हाळ्यात लाईट तासन्‌तास जाते, शेतातल्या घरात फ्रीजही नाही.

नाही चालणार, आणि हे मोठ्यानं सांगायची गोष्ट आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडं इन्सुलिन दोन ताकदीत येतं. बऱ्याच साध्या बाटल्यांवर ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति एमएल लिहिलेलं असतं, पेनाच्या काडतुसात मात्र १०० आययू प्रति एमएल असतं, आणि आता काही बाटल्याही १०० च्या येतात. सिरिंजपण दोन, ४० वालीला लाल टोपण, १०० वालीला केशरी टोपण. ज्याची त्याला वापरायची. आता समजा वडिलांचा डोस २० युनिट आहे आणि तुम्ही पेनाच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं. ते झालं अर्धा एमएल. अर्ध्या एमएलमध्ये ५० युनिट. म्हणजे अडीच पट डोस अंगात गेला! रात्री झोपेत साखर उतरली तर माणूस उठत नाही. उलट्या बाजूनं, ४० ची बाटली आणि केशरी टोपणाची सिरिंज असेल तर २० च्या खुणेला फक्त ८ युनिट जातात, मग साखर उतरतच नाही आणि घरचे म्हणतात इन्सुलिन बोगस आहे.

त्यामुळं मेडिकलमध्ये गेलात की बाटली आणि सिरिंज दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवा आणि दोन्हीवरचा आकडा मोठ्यानं वाचा. फार्मासिस्टलाही वाचायला लावा. आणि बाटलीऐवजी पेन, पेनाऐवजी बाटली असा बदल डॉक्टरांना फोन केल्याशिवाय करायचा नाही, कारण नाव सारखं वाटलं तरी आतलं इन्सुलिन वेगळं असू शकतं.

आता फ्रीजचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की ते गेलं, वितळवून वापरायचं नाही. चालू बाटली मात्र बाहेर ठेवली तरी साधारण चार आठवडे चालते, अट एवढीच की जागा २५-३० अंशाच्या वर तापायला नको. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडं पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या घरात ते जमत नाही. मग माठ वापरायचा. बाटली झाकणाच्या प्लास्टिक डबीत किंवा घट्ट बंद पिशवीत घालायची, आत पाणी शिरता कामा नये, आणि ती डबी पाणी असलेल्या मातीच्या माठात ठेवायची, माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी. कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गार राहतो, पावसाळी दमट हवेत तेवढा नाही. मेडिकलमधून आणताना बर्फाची पिशवी मागा, पण बाटली त्यावर थेट ठेवू नका, मध्ये कापड घाला. मोटरसायकलच्या डिकीत टाकून बाजार करत फिरायचं तर अजिबात नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा.

आणि एक, दुकानदाराला विचारायला लाजू नका, 'लाईट गेल्यावर तुमच्या फ्रीजचं काय करता?' चांगल्या दुकानात इन्व्हर्टर असतो, फ्रीजमध्ये थर्मामीटर असतो आणि टेंपरेचरची नोंद असते. दाखवा म्हटलं की दाखवतील.

वडिलांना दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, मग फोन. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

प्रश्न, मिरजेहून: बाळ दहा महिन्यांचं आहे. तापाचं औषध घरात दोन प्रकारचं झालंय, छोटी ड्रॉपची बाटली आणि मोठी. सासूबाई म्हणतात दोन्ही एकच, चमचाभर द्यायचं. खोकल्याचं पण कुठलं चांगलं ते सांगा.

दोन्हीत पॅरासिटामॉलच आहे, तेवढ्यापुरतं सासूबाईंचं बरोबर. पण ड्रॉपच्या बाटलीत साधारण १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं आणि मोठ्या बाटलीत ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५, तर काही मोठ्या बाटल्यांत ५ एमएलमध्ये २५०. ड्रॉपचं औषध चमचाभर दिलं की बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. लिव्हरवर येतं हे. बाळाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, एका वेळेला किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास अंतर, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. तुमचं बाळ ८ किलोचं असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम, म्हणजे ड्रॉपमधून साधारण १ एमएल. डॉक्टरांनी एमएलमध्ये लिहिलं असेल तर कुठल्या बाटलीचं ते विचारून घ्या, आणि घरात एकच बाटली ठेवा, दुसरी आजच उचलून ठेवा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. मेडिकलमध्ये मापाचं झाकण नाहीतर सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज मागा, पाच-दहा रुपयांची गोष्ट आहे.

पावडरचं अँटिबायोटिक मिळालं तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरायचं, हलवायचं, फेस खाली बसला की परत खुणेपर्यंत. मेडिकलवाल्याकडूनच मिसळून घेतलंत तरी चालेल, मी तर बाळाच्या आईला समोर उभं करून मिसळून देते. अशी बहुतेक औषधं सात दिवसांत संपवायची, काही फ्रीजमध्येच ठेवायची असतात, लेबल बघा. उरलेलं पुढच्या तापाला ठेवायचं नाही.

खोकल्याचं विचारलंत. दहा महिन्यांच्या बाळाला खोकल्याचं कुठलंच औषध मेडिकलमधून आपल्या मनानं नेऊ नका. मी देत नाही, कुणी देऊ पण नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या औषधानं लहान लेकरं गेली, किडन्या बंद पडल्या, त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे, आणि त्या बॅचमध्ये ते चाळीस टक्क्यांच्याही वर होतं. त्या वेळी केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नयेत, देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. त्याच्या आधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली नको असं बाटलीवर छापायला सांगितलं होतं. म्हणून बाळाला जवळ घ्या, पाजत राहा, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि श्वास भरभर होतोय, छाती आत ओढली जातेय, पिणं कमी झालंय असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना. मध एक वर्षाखाली नाही, आजी कितीही म्हणोत.

प्रश्न, विट्याहून: आमच्याकडं एका मेडिकलवर २० टक्के सूट असा बोर्ड आहे. एवढं कमी करून परवडतं कसं, औषध बोगस असतं का? आणि जन औषधी केंद्रातलं एवढं स्वस्त कसं? मेडिकलवाला कधीकधी लिहिलेल्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं देतो ते घ्यावं का?

सूट आहे म्हणून औषध बोगस, असं म्हणता येत नाही. सरकारनं कमाल किंमत बांधून दिलेल्या औषधांत दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं, बाकीच्यांत पूर्वापार साधारण २० टक्के. ज्याची उलाढाल मोठी तो यातलं थोडं सोडू शकतो. पण काही कंपन्यांच्या गोळ्यांवर एमआरपीच भरमसाट छापलेली असते, दुकानदाराला त्या फार स्वस्तात पडतात, तिथं २० टक्के सूट देऊनही त्याला भरपूर उरतं, आणि त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी सूट न घेता तुम्हाला निम्म्यात मिळाली असती. म्हणून सुटीचा टक्का बघू नका, एका गोळीला किती पडले ते बघा. फार्मा सही दाम नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की किमती दिसतात.

खऱ्याखोट्याचं म्हणाल तर १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या ३०० मोठ्या ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड असतो, मोबाईलनं स्कॅन केलं की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा दिसतात, त्या पाकिटाशी जुळवा. दुसरं म्हणजे पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी. बिल मागितल्यावर 'मग सूट मिळणार नाही' असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून निघा. सुट्ट्या गोळ्या घेतल्या तर पाकिटाच्या हिशोबानंच पैसे द्यायचे, जास्त नाही, आणि कापताना बॅच-एक्सपायरी असलेला तुकडा तुमच्याकडं येईल असं बघा नाहीतर फोटो काढून घ्या.

जन औषधी ही सरकारी योजना, २००८ पासून आहे. तिथं औषध मूळ नावानं मिळतं, जाहिरात नाही, कंपनीचा माणूस दवाखान्यांतून फिरत नाही, तो खर्च वाचतो. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलच्या रोजच्या गोळ्यांना मी स्वतः लोकांना तिकडं पाठवते, महिन्याला हजाराच्या जागी दोन-तीनशेत भागतं म्हणून एखादा माणूस गोळ्या अर्धवट सोडत नसेल तर माझं गिऱ्हाईक गेलेलं मला चालतं. फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करायची वॉरफेरिन, थायरॉईडची गोळी, यांची मात्र कंपनी सारखी बदलू नका, बदलायचीच तर डॉक्टरांना सांगून बदला आणि तपासणी करून घ्या.

लिहिलेल्याऐवजी दुसरं द्यायचा अधिकार मेडिकलवाल्याला नियमानं नाही, शेड्यूल एच, एच१ आणि एक्स (ही आणखी कडक यादी) यांतल्या औषधांना तर स्पष्टच मनाई आहे. ते औषध कुठंच नसेल तर त्यानं तुमच्यासमोर डॉक्टरांना फोन करावा, त्यांनी हो म्हटलं तर चिठ्ठीवर तसं लिहावं. गुपचूप बदलून पिशवीत घालायचं, हे चुकीचं.

प्रश्न, कवठेमहांकाळहून: जांघेत नायटा झालाय. मेडिकलमधली ट्यूब लावली की दोन दिवसांत जातो, पण परत येतो, आता पोटापर्यंत पसरलाय.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे हे न बघताच सांगते. मागच्या बाजूला क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं नाव शोधा. खाज लगेच थांबते, बुरशी मात्र आत मजेत वाढते, कातडी पातळ होते. लावायच्या अशा बऱ्याच स्टेरॉईडना २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकलं, तरी सर्रास विकतात. आता ट्यूब बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडं जा. काही दिवस खाज उसळेल, तरी तीच ट्यूब परत लावू नका. घरात सगळ्यांचे टॉवेल वेगळे.

प्रश्न, वाळवा तालुक्यातून: आमच्या शेतात भांगलणीला, ऊसतोडीला बायका येतात, त्यातल्या कित्येक जणी सकाळी कामाच्या आधीच दुखण्याची गोळी खातात. रोज. किराणा दुकानातही मिळते. काही होतं का यानं?

हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचे आभार. होतं, आणि ज्यांना होतं त्या बोलत नाहीत. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या रिकाम्या पोटी रोज खाल्ल्या की पोटात अल्सर होतो, संडास काळी व्हायला लागते तरी बाई कामावर येते. त्याहून वाईट किडनीचं. उन्हात घाम गाळायचा, बांधावर आडोसा नाही म्हणून लघवी टाळायला पाणी कमी प्यायचं आणि वर ही गोळी, अशानं किडनीचा रक्तपुरवठाच आटतो. त्यात बीपीची आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असेल तर धोका आणखी मोठा. यातली एकही गोळी किराणा दुकानात विकायची परवानगी नाही.

आणि गावात पुडीतल्या सुट्ट्या रंगीत गोळ्या मिळतात, दोन पुड्यांत अंग हलकं होतं म्हणतात, त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असतं. भूक वाढते, चेहरा गोल होतो, बाईला वाटतं तब्येत सुधारली. शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि सवय झाल्यावर एकदम बंद केलं तर बीपी कोसळून जीवावर बेततं, म्हणून ज्या खूप दिवस खातायत त्यांनी डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू कमी करायची.

शेतमालक म्हणून तुम्ही करू शकता अशा गोष्टी सांगते. बांधावर पिण्याचं पाणी आणि कापडाचा का होईना आडोसा करा. दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल ५०० ची गोळी, खाऊन झाल्यावर, दिवसात चारच्या आत, रोज नाही. पायाला सूज, लघवी कमी, सतत मळमळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासायचं का ते विचारा. तुम्ही सोबत गेलात तर ती जाईल, एकटी नाही जाणार.

प्रश्न, गावभागातून: पुराचं पाणी घरात येऊन गेलं की कपाटातल्या गोळ्या वापरायच्या का? पाकीट बाहेरून धुतलं तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं, त्या दोन्ही वेळी हा प्रश्न मला लोकांनी चिखलानं माखलेली पिशवी हातात धरून विचारलाय. पुराच्या पाण्याला लागलेलं औषध टाकायचंच, पाकीट अखंड दिसलं तरी. त्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं सगळं असतं आणि फॉइलची बारीक भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. धुवून वाळवून काही होत नाही. पाणी लागलं नाही पण बरेच दिवस लाईट नव्हती, तर फ्रीजमधलं इन्सुलिन, लसी बदलायच्या. वरच्या कप्प्यात कोरड्या राहिलेल्या गोळ्या बघा, रंग बदललाय, मऊ पडल्यात, एकमेकींना चिकटल्यात तर नको. हृदयाची किंवा फिटची गोळी मात्र नवीन मिळेपर्यंत एकदम बंद करू नका, कोरडं पाकीट असेल तर तेवढ्यापुरतं घ्या आणि लगेच बदला.

पाण्यातून चालावं लागलं असेल तर लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी घ्यायची का हे सरकारी दवाखान्यात विचारा, ती गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, आपल्या मनानं घेऊ नका, गरोदर बाई आणि लहान मुलांना ती चालत नाही. आणि पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की झिपच्या पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी घालून ठेवा, चिठ्ठीचा फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. निवारा केंद्रात लोक 'ती पांढरी गोल गोळी' एवढंच सांगतात आणि मग आम्हाला काही करता येत नाही.

प्रश्न, कुपवाडहून: मुदत संपलेली औषधं कुठं टाकायची?

आधी मुदत नीट वाचा, ०८/२०२६ म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. डोळ्याचे ड्रॉप मात्र फोडल्यावर साधारण चार आठवड्यांत संपवायचे, बाटलीवर २०२८ लिहिलेलं असलं तरी. टाकायची औषधं संडासात, ओढ्यात, कृष्णेत नाहीत. गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत मिसळा, पिशवीला गाठ मारा आणि घंटागाडीला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं द्या. अख्खी पाकिटं टाकली की कुणीतरी उचलतं.

प्रश्न, मिरजेहूनच: आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केलंय, आठवड्यातून एकदा असं लिहिलंय, चुकून असेल का?

चुकून नाही. आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणसं दगावलीत यानं. पाकिटावर मार्करनं 'फक्त रविवारी' किंवा डॉक्टरांनी सांगितलेला वार मराठीत लिहा, बाकीच्या गोळ्यांच्या डबीत ही ठेवूच नका. सोबत फॉलिक ॲसिड दिलं असेल, ते वेगळ्या वारी. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला आला तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन.

प्रश्न, जतहून: एका मेडिकलनं माझ्या आईला लिहिलेल्या गोळीऐवजी तशाच नावाची भलतीच गोळी दिली. चार दिवस ती गुंगीत होती. काउंटरवर बारावीतलं असेल असं पोरगं होतं. विचारायला गेलो तर म्हणाले अक्षरच कळत नव्हतं. आता काय करायचं आणि पुढं खरा फार्मासिस्ट ओळखायचा कसा?

वाचून वाईट वाटलं. अक्षर कळत नव्हतं तर द्यायचंच नाही, डॉक्टरांना फोन करायचा, अंदाजानं औषध द्यायचा हक्क कुणालाच नाही. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन, एक खाजेची आणि एक बीपीची, अशा जोड्या कितीतरी आहेत, म्हणून आम्ही नाव वाचून थांबत नाही, 'कशासाठी दिलीय गोळी?' असं विचारतो. तेवढं एक वाक्य विचारलं असतं तर तुमच्या आईचं हे टळलं असतं. डॉक्टरांनी सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच सांगितलंय, तुम्हीही डॉक्टरांसमोरच चिठ्ठी वाचून घ्या, वाचता आली नाही तर तिथंच विचारा.

ओळखायचं असं. दुकानात लायसन्स समोर लावलेलं पाहिजे, फॉर्म २० आणि २१, त्यावर फार्मासिस्टचं नाव असतं. राज्याच्या फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट लावलेलं असतं. २०१५ च्या नियमांप्रमाणं फार्मासिस्टनं पांढरा ॲप्रन आणि नावाचा बिल्ला लावायचा. सरळ विचारा, 'फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांच्याकडून समजून घ्यायचंय.' खरा असेल तर पुढं येतो. लायसन्सवरचा माणूस पुण्यात राहतो आणि इथं भाड्यानं फक्त सर्टिफिकेट टांगलंय, असले प्रकार अजून आहेत. महेश झगडे एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते तेव्हा यावर मोठी मोहीम झाली, दुकानदार संघटना खवळल्या होत्या, मला ती मोहीम पटली होती आणि आजही पटते. शिकाऊ पोरं दुकानात असायला हरकत नाही, आमच्याकडंही आहेत, पण पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी फार्मासिस्टनं चिठ्ठीशी ताडून बघितली पाहिजे.

तुम्ही आता चुकीच्या गोळीचं उरलेलं पाकीट टाकू नका, चिठ्ठी, बिल, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि आईला तपासलेल्या डॉक्टरांचा कागद असं एकत्र करा. अन्न व औषध प्रशासनाचं सांगलीत जिल्हा कार्यालय आहे, तिथं सहायक आयुक्त, औषधे यांच्या नावानं लेखी तक्रार द्या, पोच घ्या. टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. औषधाचा त्रास झाल्याची नोंद करायला वेगळा राष्ट्रीय नंबर आहे, १८०० १८० ३०२४, तिथं पेशंट स्वतः फोन करू शकतो. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. आणि आईच्या डॉक्टरांना तिची मूळ गोळी चार दिवस चुकलीय हे आधी सांगा, ती परत कशी सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या, चुकलेले डोस एकदम देऊ नका.